साठ्याची वही आणि परिग्रहाची मर्यादा

माल कोठे आहे, किती आहे आणि किती दिवसांपासून पडून आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याच्या जिभेवर, त्याची पेढी स्थिर, असे आमचे वडीलधारे सांगत. पूर्वी ती उत्तरे रोजमेळ, खतावणी आणि मुनीमजींची स्मरणशक्ती यांतून मिळत. आता कारखानदारांची पुरवठा-साखळी सांभाळणारी संगणकीय प्रणाली, म्हणजेच सॉफ्टवेअर, घरोघरी चर्चेचा विषय झाली आहे. तिच्याविषयी आमच्या बांधवांच्या मनात कुतूहल आहे, तशी धास्तीही आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

मंचेरियल हे गोदावरीकाठचे, काझीपेठ-बल्हारशा लोहमार्गावरचे गाव. 2016 साली जुन्या आदिलाबादेतून निघालेल्या जिल्ह्याचे ते मुख्य ठिकाण झाले. कोळसा व सिमेंट यांसाठी ते ख्यात असले, तरी आम्हां धान्यव्यापाऱ्यांस जवळचा कारखाना म्हणजे राईस मिल. तिचेच उदाहरण घेऊ. सरकारी धानाच्या भरडाईत कच्च्या तांदळाचा उतारा 67 टक्के धरतात. 335 क्विंटल तांदळाची मागणी नोंदविताच प्रणाली सांगते, की 500 क्विंटल धान हवे आणि 50 किलोच्या भरतीची 670 पोती हवीत. गुदामात काय शिल्लक आहे ते वजा करून उरलेली खरेदी ती पुढे मांडते. प्रत्येक थप्पीस क्रमांक असल्यामुळे आधी आलेला माल आधी बाहेर पडतो, आणि एखाद्या पोत्यात दोष निघाल्यास ते कोणत्या आवकेतले, याचा मागही लागतो.

याचे महत्त्व अमेरिकेतील जे फॉरेस्टर यांनी 1961 साली आपल्या ‘इंडस्ट्रियल डायनॅमिक्स’ या ग्रंथात दाखविले. समजा, गिऱ्हाइकांची मागणी दहा पोत्यांनी वाढली. दुकानदार सावधगिरीने पंधरा मागवितो, घाऊक व्यापारी पंचवीस, मिलवाला चाळीस पोत्यांची तयारी करतो. मागणी ओसरली की सर्वांची गुदामे तुंबतात व भांडवल अडकते. सर्वांस खरी विक्री एकाच वेळी दिसली, तर हा फुगवटा बराच आवरतो.

येथेच आमच्या धर्माचा प्रश्न उभा राहतो. उन्हाळी धानाची आवक आटोपते न आटोपते तोच पावसाळा लागतो, आणि चातुर्मासाच्या ओलसर हवेत पडून राहिलेल्या धान्यात सोंडे होतात. मग औषध घालून ते मारावे लागतात. गरजेहून अधिक साठविणे हा परिग्रह खरा. परंतु धान्याच्या वखारीत तो हिंसेचेही कारण होतो. साठा मर्यादित व फिरता ठेवणारे साधन श्रावकास परके कसे मानावे?

मात्र यंत्रास सत्यासत्य कळत नाही. काट्यावर कमी भरलेले पोते पूर्ण म्हणून नोंदले, किंवा जुना तांदूळ मिसळून त्यावर नवा क्रमांक घातला, तर प्रणाली तेच असत्य साखळीच्या शेवटच्या टोकापर्यंत पोहोचवील. अचौर्य व्रताच्या अतिचारांत हीनाधिक मानोन्मान व प्रतिरूपक व्यवहार हे दोन्ही सांगितले आहेत. संगणकातील नोंदीलाही ते तंतोतंत लागू आहेत.

मिलवाला आता थेट माल घेईल व घाऊक व्यापारी मधल्यामध्ये गळेल, ही भीती निराधार नाही. जो आपला साठा लपवितो, तो खचित गळेल. जो वेळेवर खरा आकडा देईल, प्रतवारी नीट करील आणि अडीनडीला उधारी सांभाळील, त्याची जागा साखळीत राहील, असा आमचा विश्वास आहे.

हिशेबाचे सॉफ्टवेअर आपल्या मुलांस परके नाही. बंगळूरच्या गोएंका पिता-पुत्रांनी 1986 साली आरंभिलेले टॅली आज असंख्य पेढ्यांवर चालते. आमची विनंती इतकीच, की संगणक मुलांनी पाहावा, पण गुदामात वडीलधाऱ्यांनीही पाऊल ठेवावे. दरवर्षी आषाढ शुद्ध चतुर्दशीपूर्वी प्रत्येक पेढीने थप्प्या प्रत्यक्ष मोजाव्यात, नोंदींशी ताडून पाहाव्यात आणि जुना माल चातुर्मास लागण्याआधी मोकळा करावा.