नकलेचा पहिला धडा

परीक्षेंत नक्कल करणाऱ्या मुलास आपण दोष देतों. परंतु ही विद्या त्यास प्रथम शिकवितो कोण? महात्मा गांधींनीं आत्मचरित्रांत राजकोटच्या शाळेंतील हकीकत दिली आहे. जाइल्स नांवाच्या तपासनीसांनीं पांच इंग्रजी शब्द लिहावयास सांगितले. ‘केटल’ हा शब्द बाल मोहनदासाचा चुकला. तेव्हां शिक्षकांनींच बुटाच्या टोकानें खुणाविलें, कीं शेजाऱ्याच्या पाटीवर पाहा. गुरुजी असें सुचवितील, हें त्या मुलाच्या मनांतही आलें नाहीं!

महाराष्ट्रांत परीक्षेंतील गैरप्रकारांविरुद्ध सन १९८२ चा कायदा आहे; शालान्त परीक्षेच्या वेळीं भरारी पथकेंही फिरतात. तीं अवश्य फिरावीं. परंतु मुलाचा प्रकल्प आईनें रात्रीं जागून पुरा करावा, गृहपाठाचें गणित वडिलांनीं सोडवावें आणि निकालाच्या दिवशीं केवळ ‘गुण किती?’ एवढेंच विचारावें, हाही बुटाचा इशाराच नव्हे काय?

आमची वाचकांस एवढीच विनंती, कीं मुलाचें चुकलेलें गणित वहींत तसेंच शाळेंत जाऊं द्यावें. स्वतःची चूक उघडपणें दाखविण्याचें ज्यास भय नाहीं, त्यास दुसऱ्याच्या उत्तराची गरज भासत नाहीं.