दातांच्या स्कॅनवरून गालाची जाडी कशी मोजतात?

अक्कलदाढ तिरकी आली किंवा इम्प्लांट बसवायचा असला, की डॉक्टर कधीकधी 'सीबीसीटी' काढायला सांगतात. आपण बसतो किंवा उभे राहतो, मशीन डोक्याभोवती फिरतं आणि जबड्याचं त्रिमितीय चित्र मिळतं. स्कॅन काढलेला असतो दात आणि हाडांसाठी, पण त्याच फाइलमध्ये आपले ओठ, गाल, हनुवटीही असतात.

यात एक्स-रेचा झोत शंकूसारखा पसरतो. फिरता फिरता शेकडो चित्रं घेतली जातात आणि संगणक त्यांतून बारीक ठोकळे रचतो. एका ठोकळ्याची बाजू साधारण ०.१ ते ०.४ मिमी. स्नायू कुठे संपला आणि चरबी कुठे सुरू झाली, हे सीबीसीटीत नीट कळत नाही. पण त्वचा आणि हवा यांची सीमा स्पष्ट दिसते, हाडाचीही दिसते. या दोन सीमांमधलं अंतर म्हणजे मऊ ऊतींची जाडी. भुवयांच्या मध्ये, नाकाच्या मुळाशी, हनुवटीवर, जबड्याच्या कोनापाशी अशा ठरलेल्या बिंदूंवर ती मोजतात.

उपयोग काय? जबड्याच्या ऑपरेशनमध्ये हाड ५ मिमी पुढे घेतलं, तर ओठ तेवढाच पुढे येईल असं नसतं. त्याचा अंदाज आधी लागतो. दुसरा उपयोग कवटीवरून चेहरा उभारण्याचा. १८९५ मध्ये लाइपझिगला विल्हेल्म हिस यांनी मृतदेहांत सुया टोचून जाडी मोजली आणि संगीतकार बाखचा चेहरा घडवून घेतला. डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि कोरियन संशोधकांनी राखीगढीतल्या सुमारे ४५०० वर्षांपूर्वीच्या दोन कवट्यांवरून चेहरे उभे केले, ते २०१९ मध्ये समोर आले. तिथे सीटी स्कॅन वापरले होते. सीबीसीटीचा फायदा असा, की माणूस जिवंत असतो आणि बहुतेकदा ताठ बसलेला असतो. आडवं झालं की गाल कानाकडे ओघळतात.

आमचं तेरखेडा फटाक्यांचं गाव. इथे आग म्हटलं की काळजात धस्स होतं. आगीत ओळख पटेनाशी झाली, तर दातांच्या नोंदी आणि डीएनए यांचाच आधार खरा. पण ताडून बघायला कुणी नातेवाईकच माहीत नसेल, तर कवटीवरून केलेला चेहरा निदान शोधाची दिशा देतो. तो पुरावा नव्हे.

आणि इथेच खरी अडचण आहे. जाडी वय, लिंग, वजन आणि लोकसमूहानुसार बदलते. परदेशी सरासरी आपल्याला जशीच्या तशी लावता येत नाही. आपले आकडे जमवायचे म्हटले, तर महागडा स्कॅन काढतो तो बहुधा शहरातला पेशंट. ऊसतोडीला जाणारा माणूस त्या नमुन्यात सापडायची शक्यता कमी.

मोजतानाही जपावं लागतं. हनुवटीचा टेकू लागला की तिथली त्वचा दबते. ओठ आवळले की माप बदलतं. शिवाय किरणोत्सर्ग असतोच, म्हणून केवळ अशा मोजमापासाठी स्कॅन काढणं योग्य नाही. उपचारासाठी आधीच काढलेले स्कॅन, संमती घेऊन, वापरलेले बरे.

तुमचा असा स्कॅन झाला असेल, तर सीडी टाकून देऊ नका. घरच्या कागदपत्रांत ठेवा आणि कुठे ठेवली ते घरी सांगून ठेवा.