विश्लेषण : वैनगंगेतील रेतीची बेटे कुठे चालली?

गोसीखुर्द जलपर्यटन प्रकल्पाचे भूमिपूजन २०२४ मध्ये झाले. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवर बोटीने फिरण्याची चर्चा तेव्हापासून वाढली आहे. पण बोटीतून दिसणारी नदी आणि जुन्या लोकांच्या आठवणीतली रेतीची नदी एकच राहिलेली नाही. असे का झाले?

नदीत रेतीची बेटे कशी तयार होतात?

समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्या वारा रचतो. नदीतली बेटे पाणी रचते. वैनगंगा मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात मुंडारा गावाजवळ उगम पावते. पावसाळ्यात ती आणि तिच्या उपनद्या डोंगराळ भागातून रेती वाहून आणतात. वळणाच्या आतल्या बाजूला किंवा पात्र रुंद होते तिथे प्रवाह मंदावतो आणि रेती खाली बसते. पूर ओसरला की बेटे उघडी पडतात. पुढच्या पुरात ती सरकतात, मोडतात आणि पुन्हा तयार होतात.

या बेटांवर कोण अवलंबून?

उन्हाळ्यात उघड्या रेतीत टरबूज आणि डांगराच्या वाड्या लावण्याची पद्धत जुनी आहे. डोंग्यातून जाळे टाकणारा ढिवर समाज याच पात्रावर जगत आला. नदीसुरयासारखे पक्षी उघड्या रेतीवरच अंडी घालतात. शिवाय रेती स्पंजासारखी पाणी धरून ठेवते. काठच्या विहिरींना त्याचा आधार असतो.

धरणाने काय बदलले?

पवनी तालुक्यातील गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील सुमारे अडीच लाख हेक्टर सिंचनाचे उद्दिष्ट ठरले. ३३ दरवाजांच्या या धरणाचे पाणी मागे भंडारा शहरापर्यंत येते. वाहते पात्र स्थिर जलाशय झाले. बेटे पाण्याखाली गेली आणि वरून येणारी रेती जलाशयाच्या तोंडाशीच बसू लागली. नागपूरचे सांडपाणी नाग आणि कन्हान नद्यांमार्गे याच पाण्यात येते, जलपर्णी माजते.

मग उरलेल्या रेतीचे काय?

जलाशयाच्या वर, मोहाडी आणि तुमसर तालुक्यांत, नदी अजून वाहती आहे. रेतीघाटही तिथेच आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी पाच हेक्टरपेक्षा लहान घाटांनाही पर्यावरण मंजुरी बंधनकारक केली. पावसाळ्यात उपसा बंद ठेवावा, खोदकाम तीन मीटरपेक्षा खोल जाऊ नये, असे केंद्राचे निर्देश आहेत. राज्याने २०२३ मध्ये ६०० रुपये ब्रासने रेती देणारे शासकीय डेपो आणले. २०२५ मध्ये पुन्हा लिलावाकडे वळून दगडापासून बनणाऱ्या कृत्रिम वाळूला प्रोत्साहन दिले. धोरण कोणतेही असो, पुरात जेवढी रेती येते त्याहून जास्त उचलली तर पात्र खोल जाते आणि विहिरींची पातळी खाली जाते.

बोटीतून काय पाहाल?

वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा आणि कोलारी या पाच नद्यांचा संगम असलेले आंभोरा हे चांगले ठिकाण. टेकडीवर चैतन्येश्वराचे मंदिर आहे आणि नागपूर व भंडारा जिल्ह्यांना जोडणारा केबल पूलही. इथे पाणी अफाट दिसते, पण रेती जवळपास दिसत नाही. बेटे पाहायची तर पाणी उतरल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी, भंडाऱ्याच्या वरच्या बाजूला जावे. पक्षी अंड्यांवर असतील तर डोंगा बेटाला लावू नये. भर उन्हात पक्षी उठून गेला तर अंडी तापून वाया जातात.

पुढे काय?

पर्यटनासाठी जलाशय भरलेला हवा, शेतीला कालव्यात पाणी हवे, बांधकामाला रेती हवी. या तिन्ही मागण्या खऱ्या आहेत. पण घाट किती खोदायचा हे ठरवताना पुराने तिथे किती रेती आणली, याचे मोजमाप दरवर्षी झाले पाहिजे. नाहीतर वैनगंगेवर बोटी राहतील, बेटे मात्र आठवणीतच.