टॉवेल कसा पारखावा?

मंडळी, आठवडी बाजारात टॉवेल घेताना आपण आधी त्यावरून हात फिरवतो. मऊ आणि जाड तो चांगला, असा आपला हिशेब. पण टॉवेलाला कामे दोन: अंग टिपायचे आणि दुसऱ्या आंघोळीपर्यंत स्वतः वाळायचे. आषाढ-श्रावणात हे दुसरे कामच अवघड, आणि जाड टॉवेल नेमका तिथे हरतो.

सोलापुरी टॉवेल उजेडात धरून पाहा. अंगभर सुताचे बारीक फास दिसतील. मागावर ताणा दोन प्रकारचा लावतात, एक घट्ट, एक सैल. फणीचा ठोका बसला की सैल सुताचे फास वर येतात. त्यांच्यामुळे पाणी शोषायला जागा वाढते. पण सूत जितके जास्त, तितके पाणीही ते जास्त धरून ठेवते. हल्ली काही टॉवेलांच्या चिठ्ठीवर दर चौरस मीटरचे वजन असते. दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद टॉवेल 400 ग्रॅमच्या कापडाचा असेल, तर तो 450 ग्रॅम भरतो. 600 ग्रॅमच्या कापडाचा असेल, तर 675. पावसाळी मुलखात हलकाच घ्यावा. आणि आपला पंचा? त्याला फास नाहीत, अंग पुसताना एकदा पिळावा लागतो. पण वाऱ्यावर बघता बघता वाळतो. जुनी माणसं काही वेडी नव्हती!

नवा टॉवेल पाणी टिपत नाही, म्हणून दुकानदाराशी लगेच भांडू नका बरं का. सुतावर खळ किंवा मऊपणाचा लेप असतो. दोन-तीनदा धुऊन मग त्यावर पाण्याचा थेंब सोडा. जिरला तर ठीक. मण्यासारखा उभा राहिला, तर लेप अजून आहे किंवा सुतात पॉलिएस्टरची भेसळ आहे. धुताना मऊपणाचे औषध घालू नये, त्याने पुन्हा लेप बसतो.

एवढी चिकित्सा कशाला, असे कुणी म्हणेल. घरात एकाला गजकर्ण झाले आणि टॉवेल सर्वांचा एकच असला, तर ती बुरशी दुसऱ्याच्या अंगावर जाते. ओलसर कापडात ती तग धरते. म्हणून गुरुजींना, विशेषतः वसतिगृहाच्या, विनंती: प्रत्येक मुलाचा टॉवेल वेगळा आणि खुंटीही वेगळी असू द्या. खुंटीवर चुरगळलेला टॉवेल मात्र वाळत नाही. आधी तो दोरीवर पूर्ण पसरून, दुहेरी घडी न घालता, वारा लागेल असा वाळवावा. ऊन पडले की बाहेर काढावा.