चाकाचे बोल्ट सैल कां होतात?

नागपूरहून हैदराबादेस जाणाऱ्या हमरस्त्यास चंद्रपूरचा रस्ता जेथें फुटतो, तें जाम हें वर्धा जिल्ह्यांतील गांव. मोटारीनें जातांना आपणांपैकीं पुष्कळांनीं तेथें चहा घेतला असेल. भोंवतालची जमीन काळी; ओली असतां नांगराला चिकटणारी, वाळली कीं दगडासारखी. तींत ट्रॅक्टरच्या चाकांना केवढें ओढावें लागतें, याची शहरांत बसून कल्पना येत नाहीं.

तेथील माझा एक जुना विद्यार्थी गेल्या वर्षीं रागानें सांगत आला, "गुरुजी, नांगरतांना मागचें चाक निखळतां निखळतां राहिलें. ड्रायव्हरनें नट आवळलेच नव्हते. त्याची आठवड्याची मजुरी कापणार आहें." ड्रायव्हर बिचारा शपथेवर सांगत होता कीं, आठहि नट त्यानें पान्यावर उभें राहून आवळले होते. आणि दोघेहि खोटें बोलणारे नव्हेत.

आपली समजूत अशी कीं, बोल्ट ही एक खुंटी असून चाक तिच्यावर टांगलेलें असतें. वस्तुतः तसें नाहीं. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धांव चढवितांना ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांस हें लवकर उमगेल. लोहार धांव तापवितो, ती प्रसरण पावून चाकावर बसते, आणि पाणी पडतांच आकसून सारें चाक कवटाळते. बोल्टचेंहि असेंच आहे. नट आवळला म्हणजे बोल्ट किंचित् ताणला जातो. तो पुन्हां आंखूड होऊं पाहतो, आणि त्या ओढीनें चाकाची डिस्क हबवर घट्ट दाबली जाते. सारा भार पेलतें तें या दाबानें उत्पन्न झालेलें घर्षण. दाब उतरला कीं डिस्क केसभर इकडे तिकडे सरकूं लागते, आणि प्रत्येक सरकण्यासरशीं आट्यांची पकड सुटून नट थोडा उलट फिरतो. अशा आडव्या हालचालीनेंच नट सर्वांत लवकर सुटतो, हें गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानें १९६९ सालीं प्रयोगानें दाखविलें.

आतां हा ताण तो केवढा? फार तर मिलिमीटरचा दहावा हिस्सा. वहीच्या एका पानाची जाडी!

मीं विचारलें, "अरे, दसऱ्याच्या पूजेला ट्रॅक्टर रंगविला होतास काय?"

"होय गुरुजी, चाकें काढून. डिस्क दोन्ही बाजूंनीं, हबसुद्धां."

येथेंच उलगडा झाला. रंगाचे ते तीन थर वहीच्या पानाएवढे सहज भरतात. सोयाबीन निघाल्यावर हरभऱ्यासाठीं नांगरट सुरू झाली, तेव्हां रंग चिरडून निघाला आणि तेवढ्यानें बोल्टचा ताण गेला. ड्रायव्हरनें आवळलें होतें, पण रंगावर. गंज किंवा चिखल मध्यें राहिला तरी हेंच होतें.

पान्याला लांब पाइप लावून जोर करणें हा यावर उपाय नव्हे. मर्यादेबाहेर ताणलेला बोल्ट जुन्या इलॅस्टिकसारखा पुरता परत आकसत नाहीं. बसावयाच्या जागा खरवडून स्वच्छ कराव्या, नट ओळीनें न आवळतां समोरासमोरचे आवळावे, आणि कांहीं तास काम झाल्यावर पुन्हां पाना लावावा.

मजुरी कापली गेली नाहीं. डिस्कचीं भोंकें मात्र लांबट झालीं होतीं, म्हणून ती बदलावी लागली. नवी आली तीहि कारखान्यांतून रंगवूनच. तो थर पातळ, तरी ड्रायव्हरनें पहिल्या दिवशीं दुपारची भाकरी खाण्यापूर्वीं आठहि नट पुन्हां पाहिले. दोन थोडे फिरले.