भाजीतली अळी

बाजारातून आणलेलं वांगं विळीवर चिरावं आणि आत गुलाबीसर अळी वळवळताना दिसावी, हा अनुभव कोणाला नाही? घरात लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "टाका ती सगळी भाजी!" दुसरा म्हणतो, "किडका भाग काढा, बाकीचं वांगं चांगलं आहे." खरं कोणाचं? प्रश्न साधा आहे. पण शेतकऱ्याच्या पदरात चार पैसे पडणं आणि आपल्या सर्वांचं आरोग्य, या दोन्ही गोष्टी त्याच्या उत्तराशी बांधलेल्या आहेत.

आधी या अळीची ओळख करून घेऊ. ती एका लहानशा पांढुरक्या पतंगाचं पिल्लू. शेतकरी तिला शेंडा व फळ पोखरणारी अळी म्हणतात. अंड्यातून निघालेली इवलीशी अळी बहुधा देठाच्या टोपाखालून फळात शिरते आणि शिरलेलं भोक आपल्याच विष्ठेनं बुजवून टाकते. बाहेरून काही कळत नाही. मग वांग्यावर ते मोठं गोल भोक दिसतं, ते कसलं? ते बहुतेक वेळा अळी बाहेर पडल्याचं भोक! पोटभर गर खाऊन ती कोश करायला निघून गेलेली असते. म्हणजे बिनभोकाचं वांगं पारखून घेणाराही फसू शकतो. भेंडीत, मटाराच्या शेंगेत, फ्लॉवरच्या गड्ड्यात अशाच वेगवेगळ्या पतंगांच्या अळ्या असतात. पालेभाजीवर चिकटलेला मावा मात्र पतंगाचा नव्हे. तो झाडाचा रस शोषणारा बारीक किडा आहे.

आता मुख्य मुद्दा. अशी एखादी अळी नजरचुकीनं भाजीत शिजली आणि पोटात गेली तर काय होईल? काही होणार नाही. ती इतर अन्नासारखी पचून जाईल. बस्तरकडचे आदिवासी लाल मुंग्यांची चटणी आवडीनं खातात. याचा अर्थ आपण मुद्दाम अळ्या खाव्यात असा नाही. ज्यांना जीवदयेपोटी ते चालत नाही, त्यांनी अळी उचलून बाहेर सोडावी. किळस येणंही स्वाभाविकच आहे. पण किळस वेगळी आणि विष वेगळं. अळीनं पोखरलेला, काळा पडलेला, विष्ठेनं भरलेला भाग मात्र काढूनच टाकावा, कारण तिथे बुरशी आणि कूज धरते. आतून सगळंच सडलं असेल तर ते वांगं उकिरड्यावर टाकावं.

"कोबीतली अळी मेंदूत जाते" ही भीती गावोगाव ऐकू येते. त्या हिरव्या अळीवर हा निव्वळ खोटा आळ आहे. मेंदूत गाठी होऊन आकडी येते, हे खरं. पण तो रोग पट्टकृमी नावाच्या, डुकराच्या मांसावाटे पसरणाऱ्या जंतामुळे होतो. हा जंत माणसाच्या आतड्यात वाढतो आणि त्याची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडतात. उघड्यावरची घाण किंवा मैलापाणी भाजीच्या वाफ्यात गेलं की ती अंडी भाजीला चिकटतात. ज्याच्या पोटात जंत आहे त्यानं हात न धुता स्वयंपाक केला, तरी ती अन्नात जातात. ही अंडी नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून कोशिंबिरीची भाजी वाहत्या स्वच्छ पाण्यात पान न् पान सुटं करून धुवावी, इतर भाजी नीट शिजवावी, आणि शौचाला संडासातच जावं.

न दिसणारा दुसरा शत्रू म्हणजे फवारलेल्या औषधाचा अंश. गिऱ्हाईक म्हणतं, "मला एकही डाग नको." व्यापारी डागी मालाला भाव देत नाही. मग शेतकरी बिचारा तोडणीच्या आदल्या दिवशीही पंप पाठीला लावतो. अळी दिसत नाही, पण तिच्या जागी विष येतं. आणि आत भिनलेलं विष धुतल्यानं पुरतं जात नाही. फवारणाऱ्याचा जीव तर आधी धोक्यात असतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरू नये.

शेतकरी मंडळींनी म्हणून एवढं करावं. वांग्याचा सुकलेला शेंडा दिसताच अळीसकट खुडून नष्ट करावा. किडकी फळं बांधावर फेकू नयेत. कामगंध सापळे लावावेत. १०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळीचा अर्क करून फवारावा. कोबीत मधूनमधून मोहरीच्या ओळी पेराव्यात. कोबीवरचे पतंग तिकडे ओढले जातात. औषध मारावंच लागलं, तर फवारणीनंतर किती दिवस तोडणी करू नये हे माहितीपत्रकावर छापलेलं असतं, ते पाळावं. डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष. त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा.

गृहिणींनी फ्लॉवरचे तुरे सुटे करून मिठाच्या कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवावेत; बऱ्याच अळ्या आपोआप बाहेर येतात. वांगं भरायचं असलं तरी चार चिरा देऊन आत पाहावं. भरतासाठी सबंध भाजण्यापूर्वीसुद्धा एक चीर द्यावीच.

आणि गुरुजी, एक प्रयोग तुमच्यासाठी. किडकं वांगं काचेच्या बरणीत थोड्या मातीवर आणि वाळक्या पानांवर ठेवा. तोंडाला पातळ फडकं बांधा. मुलांना रोज पाहू द्या. अळी बाहेर येईल, कोश करील आणि सुमारे पंधरवड्यात तपकिरी ठिपक्यांचा पांढरा पतंग पंख पसरील. ज्या मुलानं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, ते घरी जाऊन आईला सांगेल, "आई, ही अळी विषारी नाही. किडका भाग काढ आणि भाजी नीट धू." आणि बाजारात दोन ठिपक्यांसाठी ते शेतकऱ्याचा माल परत करणार नाही.