रेग्युलर की बाहेरून?

सकाळी साडेआठ
रात्रपाळी सुटली की माळेगाव एमआयडीसीतली दोनचार पोरं घरी न जाता तशीच सिन्नरात येतात. मी कुलूप काढेपर्यंत बाकावर पेंगत बसलेली असतात. ऑगस्ट म्हणजे प्रवेशाचे दिवस. कॉलेज एकच, इमारतही एकच. शेजारच्या खिडकीत रेग्युलरचे प्रवेश, माझ्या खोलीत यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र. या पोरांना मी सल्ला देत बसत नाही. बढतीला पदवी लागते आणि पाळी सांभाळून ७५ टक्के हजेरी भरणार नाही, हा हिशेब त्यांनी आधीच केलेला असतो. शंका एकच असते, "मॅडम, एमपीएससीला ही डिग्री चालते ना?" चालते. मान्यता असलेली दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरायची, हे यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीरच केलंय. तो कागद मी टेबलाच्या काचेखाली ठेवलाय. नुसतं बोट दाखवते.

साडेनऊ
विड्या वळणाऱ्या एक ताई आल्यात. पोरीच्या पुस्तकांवर बारावी काढली, आता बी.ए. करायचंय. २०२४ पासून बाहेरून शिकायचं तर आधी यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा (डीईबी) आयडी काढावा लागतो. त्याच्याआधी श्रेयांक बँकेचा म्हणजे एबीसी आयडी, आणि त्याच्यासाठी आधारवरचा ओटीपी. आधारला नंबर जोडलाय भावाचा. भाऊ टेम्पोवर, घोटीच्या पुढे. फोन लावला, त्याने गाडी बाजूला घेऊन आकडे वाचून दाखवले, तोवर वेळ संपली. पुन्हा लावला तर रेंज नाही. नंबर बदलून घ्या म्हटलं, तर ताईंनी अंगठा पुढे केला. पानं आणि तंबाखू हाताळून गुळगुळीत झालेला. "मशीन घेतच नाही हो याला." घरबसल्या शिक्षण म्हणतात ते हे! चौथ्या खेपेला आकडे जुळले तेव्हा सव्वाअकरा झाले होते.

साडेअकरा
ठाणगावकडचे एक काका आणि त्यांची मुलगी. मुलगी बारावी सायन्स, मार्क बरे. काका म्हणाले, "हिला बाहेरून बी.ए. करू द्या. घरचंही बघेल, शिक्षणही होईल." मुलगी खाली बघत फाइलची दोरी बोटाला गुंडाळत होती.

अशा वेळी मी फॉर्म पुढे करत नाही. बाहेरून शिकायची सोय ज्याला दिवस मोकळा मिळत नाही त्याच्यासाठी आहे; जिचा दिवस मोकळा आहे तिचा तो काढून घेण्यासाठी नव्हे. "घरचं बघत" शिकणाऱ्या मुलीचं पुस्तक दुपारी उघडतं आणि पाहुणे आले की मिटतं. आणि रसायनशास्त्राची प्रयोगशाळा घरी कुठून आणणार?

मी मुलीलाच विचारलं, "प्रॅक्टिकलला काय आवडायचं?"
"टायट्रेशन," ती म्हणाली. खोलीत आल्यापासूनचा तिचा पहिला शब्द.

काकांची खरी अडचण पैशाची नव्हती, संध्याकाळच्या गाडीची होती. एसटीच्या विद्यार्थी पासात भाड्याची दोन तृतीयांश सवलत मिळते, हे त्यांना ठाऊक होतं. "पण गाडी चुकली तर?" ही भीती खोटी नाही, गाड्या चुकतात. गावातल्या आणखी कोण मुली येतात, कोणत्या गाडीने परततात, ते शेजारच्या खिडकीतल्या सरांनी यादी बघून सांगितलं. बी.एस्सी.ला जागा होती. काका "उद्या सांगतो" म्हणून गेले.

दुपारी दोन
मी डबा खात असताना एक मुलगा मोबाइल दाखवायला आला: 'ऑनलाइन नर्सिंग, वर्षात डिग्री'. एजंटाने दहा हजार आगाऊ मागितलेत. नर्सिंग, फार्मसी, इंजिनीअरिंग, वकिली यांच्या पदव्या दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने देताच येत नाहीत, यूजीसीचे २०२० चे नियमच आहेत. यूजीसीच्या डीईबी संकेतस्थळावर मान्यता असलेल्या विद्यापीठांची आणि शिक्षणक्रमांची यादी असते. ती त्याच्याच मोबाइलवर उघडून दिली.

साडेचार
पुस्तकांचं कपाट लावायला घेतलं. विद्यापीठ १९८९ चं, मुख्यालय इथून जवळच, नाशिकला गंगापूर धरणाच्या बाजूला. ज्याला कुणी शिकवणारं नाही त्यालाही उमजावीत अशी ही पुस्तकं लिहिलेली असतात. मला तरी रेग्युलरच्या गाइडांपेक्षा ती उजवी वाटतात. तरी गेल्या वर्षीचे काही संच इथेच पडून आहेत. फी भरली, पुस्तकं न्यायला कुणी फिरकलंच नाही. वर्गात दांडी मारली तर मैत्रीण तरी विचारते. बाहेरून शिकणाऱ्याने अभ्यास सोडला, तर परीक्षेच्या हॉलतिकिटांपर्यंत कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून संचावरचे नंबर बघून आज सहाजणांना फोन केले. दोघांनी उचलले.

रात्री आठ
सकाळी आलेल्या रात्रपाळीवाल्यांपैकी एकाचा फोन, "मॅडम, उद्याच्या संपर्कसत्राला यायलाच लागतं का?" सक्ती नाही हे खरं सांगून टाकलं, तर रविवारी वर्गात शिकवायला आलेले संमंत्रक आणि रिकामे बाक. "दहा वाजता सुरू होतंय, वही घेऊन ये," म्हटलं आणि ठेवला फोन.